आधी मागची बाजू बघा : मेटल क्लेचे दागिने आणि कलावस्तू कशा पारखाव्यात

दागिना हातात आला की बहुतेक जण तो गळ्याशी किंवा कानाशी धरून आरशात बघतात. मेटल क्लेचा, म्हणजे धातूची पूड मातीसारखी मळून, आकार देऊन भट्टीत भाजलेला दागिना असेल तर तो आधी उलटा करावा, असं माझं मत आहे. समोरून काय दिसावं याचा विचार कारागिराने केलेलाच असतो. त्याने कुठे घाई केली, कुठे कंटाळा केला आणि कुणी बघणार नाही हे माहीत असूनही कुठे मन लावून काम केलं, ते मागच्या बाजूला दिसतं.

हा लेख विकत घेणाऱ्यांसाठी आहे आणि प्रदर्शनात नुसतं बघत फिरणाऱ्यांसाठीही. वस्तू घडवायची कशी हे इथे शिकवायचं नाही. पण ती घडते कशी हे थोडं ठाऊक असल्याशिवाय नेमकं काय बघायचं ते कळत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच.

मळण्यापासून भट्टीपर्यंत

मेटल क्ले हे माध्यम दागिन्यांच्या जगात अगदी अलीकडचं. जपानच्या मित्सुबिशी मटेरियल्स या कंपनीत मासाकी मोरिकावा यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते विकसित केलं. त्याच देशातल्या आयडा केमिकल इंडस्ट्रीजने आर्ट क्ले या नावाने आपला प्रकार आणला. कल्पना साधी आहे. धातूची अतिशय बारीक पूड, तिला धरून ठेवणारा सेंद्रिय बंधक आणि पाणी. हे मिश्रण मळता येतं, लाटता येतं, त्यावर ठसे उमटवता येतात, सिरिंजमधून त्याची रेघ काढता येते. ते वाळवून भट्टीत घातलं की बंधक जळून जातो आणि धातूचे कण एकमेकांना जिथे टेकलेले असतात तिथे जुळत जातात. याला सिंटरिंग म्हणतात. धातू वितळत मात्र नाही. शुद्ध चांदी सुमारे ९६१ अंश सेल्सिअसला वितळते आणि चांदीची क्ले प्रकारानुसार साधारण ६०० ते ९०० अंशांच्या दरम्यान भाजली जाते. बाहेर निघते ती धातूचीच वस्तू. कुंभाराची माती त्यात कधी नव्हतीच.

कण जवळ आले की वस्तू आकसते. सुरुवातीच्या क्लेमध्ये ही घट २८ टक्क्यांच्या आसपास होती, नंतरच्या प्रकारांत ती साधारण ८ ते १५ टक्क्यांवर आली. म्हणजे अंगठी करणाऱ्याला ती आधी मापापेक्षा मोठी करावी लागते, आणि झाकण-डबी करणाऱ्याला दोन्ही भाग सारखेच आकसतील याची काळजी घ्यावी लागते. आकसण्याचा एक फायदाही आहे. ओल्या क्लेवर उमटवलेली रेघ भट्टीतून निघते तेव्हा आणखी बारीक आणि ठाशीव झालेली असते.

चांदीनंतर बाकीचे धातूही आले. ब्राँझची क्ले बिल स्ट्रूव्ह यांनी २००८ मध्ये आणली, तांब्याचीही मिळते. या धातूंना तापवताना हवा लागली तर ते काळे पडतात आणि कण जुळत नाहीत, म्हणून त्या वस्तू स्टीलच्या डब्यात, कार्बनच्या दाण्यांत पुरून कित्येक तास भाजाव्या लागतात. ९२५ स्टर्लिंग चांदीच्या (हजारात ९२५ भाग चांदी असलेल्या मिश्रधातूच्या) क्लेलाही सहसा असंच दोन टप्प्यांत भाजतात. आधी उघड्यावर बंधक जाळायचा, मग कार्बनमध्ये पुरायचं.

आता पारख करणाऱ्याने लक्षात ठेवायची गोष्ट. या कामाचे चार टप्पे असतात : ओली क्ले, वाळलेली क्ले, भाजलेला धातू आणि शेवटची झिलई. यातला निर्णायक टप्पा वाळलेल्या क्लेचा. तेव्हा वस्तू ठिसूळ असते, पण कानस आणि सँडपेपर तिच्यावर सहज चालतो. तीच खोट भाजल्यानंतर काढायची तर धातूशी झटावं लागतं, आणि बरेच जण तोवर थकलेले असतात. पुढे जे काही बघायचं आहे त्यातलं निम्मं या एका टप्प्यावर कारागीर किती वेळ थांबला हे शोधण्यासाठी आहे.

पहिली पायरी : हात न लावता

हातभर अंतरावरून फक्त आकार बघा. नक्षी विसरा, खडा विसरा, बाहेरची रेषा तेवढी डोळ्यात घ्या. मेटल क्लेवर पोत उमटवणं इतकं सोपं आहे की आकाराचा विचार मागे पडतो. लांबून ओळखीचा न वाटणारा, नुसताच वेडावाकडा तुकडा जवळून कितीही नक्षीदार असला तरी पहिली फेरी हरलेला असतो. यावर जास्त वेळ घालवू नका, दोन-चार क्षणांत कळतं.

दुसरी पायरी : उलटा करा

आता पाठ. तीन प्रकार दिसतील.

पहिल्या प्रकारात पाठ पूर्ण सपाट आणि कोरी असते, तिच्यावर लाटण्याच्या किंवा खालच्या कागदाच्या खुणा तशाच असतात. याचा अर्थ क्ले लाटली, वर ठसा दाबला, कापली आणि भाजली. हे गुन्ह्याइतकं वाईट नाही, पण किंमत सांगताना हा माणूस 'हस्तकला' या शब्दावर जोर देत असेल तर तुम्ही या पाठीकडे बोट दाखवू शकता.

दुसऱ्या प्रकारात पाठ घासून गुळगुळीत केलेली असते, कदाचित किंचित अंतर्गोल, म्हणजे वस्तू कुठल्या तरी वक्र साच्यावर वाळवलेली. अंगावर ती नीट बसते. हे चांगलं काम.

तिसऱ्या प्रकारात मागेही काहीतरी असतं. वेगळा, हलका पोत, एखादी खिडकी, पुढच्या आकृतीची उलट बाजू, कारागिराची सही किंवा छोटा शिक्का. मागच्या बाजूला पोत देणं वाटतं तितकं सोपं नाही. पातळ तुकड्यावर दोन्हीकडून ठसा दाबला तर जिथे दोन खळगे समोरासमोर येतात तिथे क्ले कागदाइतकी पातळ होते आणि भाजताना तिथेच भेग जाते. त्यामुळे दोन्ही बाजूंना पोत असूनही तुकडा सरळ आणि अभंग दिसला, तर जाडीचा हिशेब आधी मांडलेला आहे असं समजा.

पाठीवरच धातूची खूणही शोधा. शुद्ध चांदीसाठी ९९९, स्टर्लिंगसाठी ९२५. चांदीचं प्रमाण याच्या अधेमधे असणाऱ्या क्लेही असतात, त्यावर ९६० असं दिसू शकतं. वस्तू ९९९ ची आणि कानातल्याचा हुक किंवा ब्रोचची पिन ९२५ ची, असं पुष्कळदा असतं, कारण शुद्ध चांदी पिनेसाठी फार मऊ पडते. ती फसवणूक नाही, फक्त विचारल्यावर सरळ उत्तर मिळायला हवं.

तिसरी पायरी : कडा

बोटाचं टोक कडेवरून पूर्ण फिरवा. डोळ्याला न दिसलेलं कुसळ बोटाला लगेच लागतं. मग १० पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. जवाहिऱ्यांचं घडीचं भिंग सहज मिळतं आणि या छंदात यापेक्षा उपयोगी वस्तू नाही.

कडेवर तीन गोष्टी बघायच्या. एक, कापताना ओढलेल्या क्लेचा राहिलेला काठ, ओठासारखा वर आलेला. दुसरी, थरांच्या मधली रेघ. क्लेचे दोन थर एकमेकांवर चिकटवले असतील आणि जोड नीट भरला नसेल, तर कडेवर बारीक फट दिसते. आज ती निरुपद्रवी असेल, पण घामाचं पाणी आणि काळपटपणा तिथेच साठणार. तिसरी, केसासारख्या भेगा, विशेषतः आतल्या कोपऱ्यांत आणि भोकांच्या भोवती. आकसताना ताण तिथेच येतो. चांगला कारागीर भाजल्यावरही अशी भेग पातळ क्लेने भरतो आणि वस्तू पुन्हा भट्टीत घालतो. भरलेली जागा भिंगातून ओळखू येते, आणि ती दिसली तर मला त्या माणसाबद्दल बरंच वाटतं.

कड सुबकच हवी असा नियम नाही. फाटलेली, कच्ची कड मुद्दाम ठेवलेली असू शकते आणि सुंदर दिसते. हेतू ओळखायची एक युक्ती आहे : कच्च्या कडेला बोट लावा. ती दिसायला खडबडीत आणि स्पर्शाला मऊ असेल तर ती ठरवून तशी ठेवली आहे. दिसायला खडबडीत आणि टोचरीही असेल, तर ती राहून गेलेली आहे.

चौथी पायरी : पोत कुणाचा?

या माध्यमाची सगळी जादू इथे आहे आणि सगळी आळशी वाटही इथूनच जाते. पत्र्यावर असा पोत उठवायला ठोकून किंवा खोदून दिवस घालवावे लागतात. क्लेवर तो एका दाबात उमटतो : लेस, झाडाची साल, जुनं बटण, अंगठ्याचा ठसा. त्यामुळे नुसत्या पोताच्या सूक्ष्मतेने भारावून जाऊ नये. ती साच्याची करामत आहे. प्रश्न असा विचारायचा : तो पोत निवडला कुणी, आणि निवडल्यावर त्याचं पुढे काय केलं?

तयार रबरी साचे बाजारात मिळतात आणि ते वापरण्यात काही वावगं नाही. पण त्यातले काही नमुने तुम्ही चार वेगवेगळ्या लोकांच्या कामात बघितले की ओळखू यायला लागतात. त्या नमुन्याचा चौकोन जसाच्या तसा कापून कडी लावली असेल तर श्रेय साचा करणाऱ्याचं. उलट, नमुन्याचा एक कोपरा उचलला, बाकी पुसून टाकला, रिकाम्या जागेला वजन दिलं, तर तो निर्णय कारागिराचा.

पानांचे तुकडे हे याचं ठळक उदाहरण. खऱ्या पानाच्या मागच्या बाजूवर पातळ क्ले ब्रशने लावायची, वाळू द्यायची, पुन्हा लावायची, असे दहा-पंधरा थर चढवून तो तुकडा भट्टीत घालतात. पान जळून जातं, शिरा चांदीत राहतात. पहिल्यांदा बघणारा थक्क होतो, आणि व्हावंच. पण अशी पानं खूप होतात, तेव्हा मी देठाकडे बघते. देठ हा सर्वांत नाजूक भाग. तिथे थर वाढवून, जाडी हळूहळू उतरवत नेली आहे का, की देठ तोडून मागे नुसती कडी चिकटवली आहे? पानाच्या कडेला थर एकसारखे आहेत का, की टोकाशी धातू इतका पातळ झालाय की नखाने वाकेल? पान कुठल्याही झाडाचं असो, हा देठ घडवावाच लागतो.

पोत घडवण्याची आणखी एक पद्धत ओळखून ठेवा, कारण ती कमी दिसते आणि हाताचं काम दाखवते. वाळलेल्या क्लेवर मेण किंवा लाखेसारखा पाण्याला न जुमानणारा द्रव कुंचल्याने लावून चित्र काढतात, मग ओल्या स्पंजने बाकीचा भाग हळूहळू पुसून खाली नेतात. राहिलेलं चित्र उठून दिसतं. भिंगातून बघितलं तर उठावाच्या भिंती सरळ कापलेल्या नसतात, किंचित उताराच्या आणि मऊ असतात, आणि रेघेची जाडी कुंचल्याप्रमाणे कमी-जास्त होते. इथे साचा नाही. रेघ चुकली तर चुकलीच.

पाचवी पायरी : जोड आणि हलणारे भाग

पेंडंट कडीला धरून लोंबकळू द्या. समोर तोंड करून सरळ लटकतं की पुढे झुकतं? झुकत असेल तर कडी वजनाचा मध्य न बघता लावली आहे, आणि ते गळ्यातही तसंच झुकेल. मग कडीच्या मुळाशी बघा. भाजायच्या आधी क्लेत रोवलेली तार असेल तर ती शुद्ध चांदीची हवी. ९२५ ची तार उघड्यावर तापवल्याने ठिसूळ होऊ शकते. नंतर डाख लावून जोडली असेल तर डाखाचा थर जोडाबाहेर पसरला आहे का ते पाहा. भाजलेल्या क्लेच्या धातूत अतिसूक्ष्म छिद्रं राहतात आणि ती डाख शोषून घेतात, म्हणून स्वच्छ जोड साधणं इथे पत्र्यापेक्षा अवघड आहे.

पोकळ मणी किंवा पोकळ लोलक असेल तर छोटं भोक शोधा. आतला कॉर्क किंवा तत्सम गाभा भट्टीत जळतो, त्याचा धूर आणि वायू बाहेर पडायला वाट लागते. ते भोक नक्षीत कसं लपवलं आहे हे शोधणं मजेचं असतं. एखाद्या फुलाच्या मधोमध किंवा कडीच्या खाली ते सापडतं.

आणि कधी झाकणाची डबी किंवा बिजागरीचं लॉकेट समोर आलं तर तिथे थांबा. अंगठ्याएवढ्या डबीचं झाकण उचला, पुन्हा लावा, अर्धं फिरवून लावा. चारी बाजूंनी फट सारखी दिसते का? झाकण सरकवताना अडखळतं की हवा दाबली गेल्यासारखं सावकाश बसतं? दोन्ही भाग वेगवेगळे वाळले, वेगवेगळे आकसले, जरासे वाकलेही असतील, आणि तरी ते एकमेकांत बसतात. त्यासाठी कारागिराने वाळलेल्या अवस्थेत ते कितीतरी वेळा जुळवून, घासून पाहिलेले असतात. बिजागरीत नळीचे तुकडे एका रेषेत आहेत का ते भिंगातून बघा, तिथे कणभर तिरकेपणासुद्धा पुढे झीज वाढवतो. या माध्यमातलं माझ्या दृष्टीने सर्वांत वरचं कौशल्य हेच, आणि दुर्दैवाने फोटोत ते अजिबात कळत नाही.

सहावी पायरी : चमक आणि रंग

भट्टीतून निघालेली चांदी खडूसारखी पांढरी दिसते. पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असल्याने प्रकाश सगळीकडे विखुरतो, म्हणून हा पांढरेपणा. पितळी तारांच्या ब्रशने घासलं की वरचे कण दबतात आणि धातूची झाक येते. स्टीलच्या गोळ्यांच्या टंबलरमध्ये, म्हणजे फिरत्या पिंपात, फिरवलं की सगळीकडे चकाकी येते, पृष्ठभागही थोडा टणक होतो. हाताने सँडपेपरचे बारीक-बारीक होत जाणारे टप्पे वापरले तर आरशासारखं प्रतिबिंब मिळतं. हे शेवटचं फार कमी जण करतात.

खळग्यात पांढरं आणि उंचवट्यावर चकचकीत, असा भेद मुद्दाम ठेवलेला असेल तर छान दिसतो. खळग्यांत पिवळसर झाक दिसली तर ब्रश साबणाच्या पाण्याशिवाय कोरडा फिरवला असणार, पितळाचा अंश तिथे बसला आहे.

निळा, जांभळा, सोनेरी, गुलाबी असे रंग बहुधा पोटॅशियम सल्फाइडयुक्त मिश्रणाच्या पाण्याने आणलेले असतात. धातूवर सल्फाइडचा अतिशय पातळ थर बसतो, त्याच्या जाडीप्रमाणे रंग बदलत जातो आणि शेवटी काळा होतो. निळा-जांभळा नेमक्या ठिकाणी थांबवणं हे डोळ्याचं आणि धीराचं काम आहे. पण हे रंग कायमचे नाहीत. हवेतलं गंधक काम चालूच ठेवतं. रंगासाठीच जास्त पैसे मोजत असाल तर हे मनात असू द्या. ब्राँझवर कार्बनच्या भट्टीतून आलेल्या रंगछटांनाही हेच लागू.

सातवी पायरी : खडा, सोनं, मिना

खडा क्लेत बसवूनच भाजलेला असू शकतो. क्युबिक झिर्कोनिया आणि प्रयोगशाळेत बनवलेले काही खडे ही उष्णता सोसतात. मोती, ओपल, फिरोजा, अंबर यांना ती सोसवत नाही, ते भाजून झाल्यावर कोंदणात बसवावे लागतात. त्यामुळे 'हा मोती आतच भाजलाय' असं कुणी म्हणालं तर पुढचं बोलणं तिथेच थांबवलेलं बरं. आतच भाजलेल्या खड्याभोवती धातूची कड सगळीकडून किंचित वर चढून त्याला धरते. एका बाजूला खडा उघडा, दुसऱ्या बाजूला गाडलेला असेल तर तो तिरका बसला आहे आणि कधीतरी निसटेल.

चांदीवर सोन्याची झळाळी असेल तर ती कोरियातल्या कुम-बू पद्धतीची असू शकते. शुद्ध सोन्याचा वर्ख तापलेल्या चांदीवर दाबून घासला की तो गोंद किंवा डाख न लावता धातूला जुळतो. भिंगातून वर्खाचे कोपरे बघा, एकही उचललेला नसावा. मिन्याचं काम शुद्ध चांदीवर विशेष खुलतं, कारण पारदर्शक मिन्याखालून तिचा पांढरेपणा उजळतो.

विचारायचे प्रश्न

कारागिराशी बोलायची संधी मिळाली तर चौकशीच्या सुरात विचारू नका, त्याला आवडणारे प्रश्न विचारा. कुठली क्ले वापरली? भट्टीत भाजली की टॉर्चने, म्हणजे गॅसच्या ज्योतीने? चांदीचे छोटे तुकडे टॉर्चनेही भाजता येतात, पण भट्टीत पुरेसा वेळ मिळाल्याने धातू जास्त मजबूत होतो. कमी भाजलेला तुकडा वरून सारखाच दिसतो आणि वाकवला की कच्चा निघून कडकन मोडतो. तुम्ही मात्र काहीही वाकवून बघू नका. पोत स्वतः तयार केला का? याच साच्यातून आणखी किती काढले? हातचं काम असलं तरी एकच नग असेल असं नाही, साच्यातून मालिका काढता येते, आणि प्रामाणिक माणूस ते सांगतो.

अंगठीबद्दल वेगळं सांगते. शुद्ध चांदी मऊ असते. दीड मिलिमीटरपेक्षा बारीक पट्टीची ९९९ ची अंगठी रोज घालायला मी घेणार नाही. स्टर्लिंगची किंवा भरपूर जाड असेल तर हरकत नाही. कानातली, पेंडंटं, ब्रोच यांना मार कमी बसतो, तिथे हा विचार करायची गरज नाही.

घरी आणल्यावर

चांदी उजळण्याच्या द्रवात मेटल क्लेचा दागिना बुडवू नका. मुद्दाम आणलेला रंग आणि खळग्यातला काळेपणा काही सेकंदांत जातो, शिवाय सूक्ष्म छिद्रांत द्रव राहू शकतो. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश आणि लगेच पुसून कोरडं करणं पुरेसं असतं. चकचकीत उंचवट्यांवरून चांदी पुसायचं कापड फिरवा, खळग्यांत खुपसू नका. अत्तर आणि स्प्रे आधी, दागिना नंतर. पोहायला जाताना काढून ठेवा. साठवताना हवाबंद पिशवी वापरा, सोबत रबर बँड किंवा लोकरीचा तुकडा ठेवू नका, दोन्हींतून गंधक सुटतं. ब्राँझ किंवा तांब्याचा दागिना त्वचेवर हिरवा डाग उमटवतो. त्यात भेसळ वगैरे काही नाही, तांबं आणि घाम यांचा तो परिणाम आहे. पाठीला मेणाचा पातळ हात दिला की तो कमी होतो.

रंग फारच उतरला तर स्वतः घासत बसण्यापेक्षा दागिना ज्याने घडवला त्याच्याकडे परत द्या. शुद्ध चांदीवरचा जुना थर तापवून उडवता येतो आणि नवा चढवता येतो. खडा, मोती किंवा मिना असेल तर मात्र देताना तसं आधी सांगा, कारण मग तापवायचा मार्ग बंद असतो आणि घासूनच काम करावं लागतं.